रहिवासी क्रमांक चार

रतन गिरकरीण उभ्या जन्मात घड्याळ बघून दर्यात उतरली नव्हती. तिचा हिशेब तिथीवर चालायचा. आजची तिथी घ्यायची, तिची तिप्पट करायची आणि तिपटीचा चौथा भाग काढायचा. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे तिच्या बोलीत सुकती. खडपेवाडीतल्या बायका याच हिशेबावर कोयती आणि टोपली घेऊन खडपावर जायच्या, खडकाला चिकटलेली कालवं काढायच्या आणि पाणी वळल्यावरही दोन तास निवांत काम करून मगच घरची वाट धरायच्या. या हिशेबानं वाडीतल्या एकाही बाईला कधी दगा दिला नव्हता.

रतनच्या मुलीनं, हर्षलानं, समुद्रशास्त्राची पदवी घेतली आणि समुद्रच बदलून टाकला.

वाडीच्या अंगाला 'नवसागर' नावाची बेचाळीस बंगल्यांची वसाहत उभी राहिली त्याला आता सात वर्षं झाली. पाटी लागली त्या दिवशी रतन हसून हसून बेजार झाली होती. "नावच नवसागर ठेवलानी! दारू गाळतत की काय थंय?" पण हसण्यावारी नेण्यासारखं ते प्रकरण नव्हतं. नव्या कायद्यानुसार किनाऱ्यावर बांधकाम करायचं तर किनारा आधीपेक्षा जास्त जिवंत करून दाखवावा लागे, नुसती हानी टाळून भागत नसे. नवसागरनं ते खरोखर करून दाखवलं आणि करणारी होती हर्षला.

तिनं समुद्रात बांध वाढवला. बांधला नाही, वाढवला. डोंगराच्या टोकापासून खाडीच्या तोंडापर्यंत लोखंडी जाळीची सातशे मीटरची कमान पाण्यात उभी केली आणि तिच्यातून अगदी मंद वीज सोडली. समुद्राच्या पाण्यात चुना विरघळलेला असतोच. विजेमुळे तो जाळीवर थरावर थर बसू लागला. त्या ओल्या चुन्यावर तिनं प्रयोगशाळेत वाढवलेली कालवांची पिल्लं सोडली. कालव एकदा चिकटलं की हलत नाही, आणि त्याच्या वासानं दुसरी पिल्लं तिथंच येऊन चिकटतात. तीन वर्षांत बांध पुरुषभर उंच झाला. एकेक कालव दिवसाकाठी घागरी-घागरी पाणी गाळत होतं. गढूळ पाणी नितळ झालं, लाटा मवाळ झाल्या, आतल्या बाजूला गाळ धरला, कांदळवन उभं राहिलं, कासवं परतली. कित्येक वर्षांत कोणी न पाहिलेली पाणमांजरं बंगल्यांच्या पायऱ्यांवर येऊन मासे खाऊ लागली.

बांधाच्या आत जे शांत पाणी तयार झालं त्याला वसाहतीतले लोक लगून म्हणत आणि वाडीतले खाजण. वाडीचं खडप नेमकं त्या खाजणाच्या मधोमध सापडलं होतं.

खाजणाचा कारभार 'तटपाल' नावाची यंत्रणा बघायची. आत वावरणाऱ्या प्रत्येकाची तिच्याकडे नोंद असे आणि माणसांच्या मनगटावर पट्टा. नोंदी चार प्रकारच्या होत्या: बंगल्यांचे मालक ते सदस्य, त्यांच्याकडे येणारे ते पाहुणे, हर्षलासारखे ते कर्मचारी, आणि तिथल्या पाण्यात जन्मून तिथंच चरणारे कालवं, खेकडे, कासवं, पाणमांजरं हे सगळे रहिवासी. यांतल्या एकाही रकान्यात वाडीतल्या बायका बसत नव्हत्या. त्या उपद्रव ठरल्या आणि कुंपणाबाहेर राहिल्या. बाहेरच्या खडकांवर काढायचं म्हटलं तर तिथं काही उरलं नव्हतं, कारण खाडीतलं प्रत्येक पिल्लू वासानं बांधाकडेच ओढलं जात होतं.

रतन एकदाच बोलली. "तू तुझो दर्या केलंस तो माझो घेवन." त्यानंतर सात वर्षं ती लेकीशी जेवढ्यास तेवढं बोलत राहिली. हर्षला आठवड्याला घरी जायची, आई ताट वाढायची, आणि ताटात कालवं कधीच नसायची.

उपाय हर्षलालाच सुचला, आणि सुचला तेव्हा आपण किती हुशार म्हणून ती स्वतःवरच खूश झाली.

नवसागरला त्या वर्षी 'सजीव किनारा' हे सर्वांत वरचं प्रमाणपत्र हवं होतं. व्यवस्थापक सबनीस त्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते. अडचण एवढीच होती की बांधावर कालवांची दाटी फार झाली होती आणि दाटीतून रोग येतो. कोणीतरी ती विरळ करायला हवी होती. हर्षलानं सबनीसांपुढे कागद ठेवला.

"कालवं काढणाऱ्या बायका इथं पाचशे वर्षं आहेत, सर. पाणमांजरासारख्याच. त्या चरतात म्हणून कालवं निरोगी राहतात. त्यांना उपद्रव का म्हणायचं? रहिवासी म्हणून नोंदवू."

सबनीसांनी चष्मा वर केला. "माणसं? प्राण्यांच्या रकान्यात?"

"रकान्याचं नाव रहिवासी आहे. प्राणी कुठं लिहिलंय?"

सबनीस बराच वेळ हसले. मग थांबले. "अगं, परीक्षकांना हे भयंकर आवडेल. परंपरेसह सहजीवन! लिही. पण उद्या वाडीतला कोणीही उठून यायला नको. खऱ्या बायका कशा ओळखायच्या, ते पक्कं कर."

हर्षलानं ते पक्कं केलं. फाटकावर एक यंत्र बसवलं. ते दोन प्रश्न विचारणार होतं, आणि त्यांची उत्तरं खडपावर वाढलेल्या बाईखेरीज कोणालाच येणार नव्हती. उत्तरं तिनं आईकडूनच घेतली. रहिवाशांसाठीचे नियम छापून आले ते तिनं वरवर चाळले. 'रहिवाशांच्या हालचालीत, आहारात आणि मृत्यूत हस्तक्षेप करू नये. कर्मचाऱ्यांनी रहिवाशांचं वर्तन बदलेल अशी कोणतीही कृती वा सूचना करू नये.' हे नियम कासवांसाठी तिनंच सहा वर्षांपूर्वी लिहिले होते. आपल्या आईला ते लागू झालेले वाचून तिला हसू आलं.

रतन, तिची शेजारीण इंदू तारी आणि सुलभा कुबल अशा तिघी फाटकावर आल्या तेव्हा तिघींनी ठेवणीतली पातळं नेसली होती.

"रहिवासी म्हणजे काय गो?" रतननं विचारलं.

"म्हणजे जो हयचो आसा तो."

"मगे आतापर्यंत मी खंयची होतंय?"

तेवढ्यात यंत्रानं गोड आवाजात विचारलं, "तृतीयेला ओहोटी किती वाजता?"

रतननं पदर सावरला आणि शाळेत पाढे म्हणावेत तसं म्हटलं, "तीन त्रिक नव. नवाचो चवथो भाग सव्वादोन. सव्वादोनाक भरती, सव्वाआठाक सुकती."

"पाणी वळल्यानंतर हातात किती वेळ असतो?"

"दोन तास. पयले दोन तास पाणी आळशी आसता."

हिरवा दिवा लागला. "ओळख पटली. रहिवासी क्रमांक एक. आपल्या अधिवासात स्वागत आहे."

"बघ," रतन इंदूला म्हणाली, "यंत्राक पण माझा पटला." आणि सात वर्षांनी तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला. त्या संध्याकाळी ताटात कालवांचं सुकं होतं. हर्षलानं दोनदा मागून घेतलं. आईनं तिसऱ्यांदा न विचारताच वाढलं. आपण आईला तिचा दर्या परत दिला असं हर्षलाला मनापासून वाटत होतं.

आता एक गोष्ट हर्षलाला ठाऊक होती, आणि ती तिनं कोणालाच पुरती सांगितली नव्हती.

पिंपाच्या तळाशी बारीक भोक पाडलं आणि पिंप समुद्रात उभं केलं, तर बाहेरचं पाणी उतरलं तरी आतलं लगेच उतरत नाही; ते भोकातून हळूहळू निथळत राहतं. खाजणाचं तसंच झालं होतं. बांध वाढता वाढता त्याचं एकुलतं एक तोंड अरुंद होत गेलं, आणि ते उघडत होतं समुद्रापेक्षा उशिरा ओसरणाऱ्या खाडीत. बाहेर सव्वाआठला ओहोटी पूर्ण झाली तरी आत पाणी दहापर्यंत उतरतच राही. इथवर ठीक होतं. पण आत पाणी उतरत असताना बाहेरची भरती पावणेदोन तास पुढं गेलेली असे. बांधाच्या अलीकडे पोटरीभर पाणी, पलीकडे समुद्र बांधाच्या माथ्याशी आलेला. आतलं पाणी वळलं की थोड्याच वेळात बाहेरचा समुद्र सातशे मीटरच्या माथ्यावरून एकदम आत कोसळे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, पाणी माथ्यापर्यंत येतच नसे आणि काही कळत नसे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र आतलं पाणी वळल्यापासून खडपाची वाट बुडेपर्यंत पंचवीस मिनिटं लागत. हर्षलाच्या आलेखावर ती रेघ भिंतीसारखी उभी दिसायची.

उपाय साधा होता. तोंडापाशी अठरा मीटर बांध कापायचा. तिनं तसं सबनीसांना सांगितलंही.

"अठरा मीटर? सगळ्यात दाट भाग आहे तो. परीक्षणाच्या तोंडावर कापलेला बांध दाखवायचा?"

"नंतर कापू मग."

"नंतर कापू. आणि भोंगा आहे की. पाण्यात कोणी अडकलं तर तटपाल भोंगा वाजवतो, बचावाची नाव पाठवतो. इतक्या वर्षांत एकाला तरी काही झालंय का?"

झालं नव्हतं, हे खरंच होतं. एका सदस्याची नात नुसती घोट्याभर पाण्यात रेंगाळली तरी भोंगा बोंबलायचा आणि नारिंगी रंगाची बिनमाणसाची नाव येऊन तिला अलगद उचलायची. हर्षला निश्चिंत झाली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं, कारण तो अठरा मीटरचा तुकडा तिनं सर्वांत आधी लावलेला होता.

तिघी बायका परीक्षणाआधी चारच दिवस गेल्या आणि ते चारही भांगाचे होते. कुठं काही झालं नाही. टोपल्या भरून आल्या.

परीक्षक आले ती वैशाखातली तृतीया होती. अमावास्येनंतरचं उधाण. सकाळी साडेसातलाच रतन फाटकावर हजर.

"आये, पाणी आता उशिरा सुकता," हर्षला चालता चालता म्हणाली. "सव्वाआठाक नाय, धा वाजता."

रतननं थोडा विचार केला. "उशिरा सुकता तर उशिरा भरतला. हिशेब तोच."

तसं नाही, असं म्हणायला हर्षलानं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात परीक्षकांची गाडी आत वळली आणि सबनीसांनी तिला हाक मारली. भोंगा आहेच, असं तिच्या मनात आलं. ती हाकेला धावली.

दहाच्या सुमाराला सगळे वसाहतीच्या सज्ज्यावर उभे होते. पाणी काचेसारखं नितळ. दीडशे मीटरवर काळं खडप उघडं पडलेलं आणि त्यावर तीन वाकलेल्या पाठी. कोयतीचे टकटक आवाज इथवर ऐकू येत होते. परीक्षक मंडळींतल्या एक बाई दुर्बीण लावून बघत होत्या.

"किती सहज वावरतात! पाणमांजर शेजारी बसलंय, तरी दोघांनाही त्याचं काही नाही."

"एकाच अधिवासातले," सबनीस म्हणाले.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. हर्षलानं हातातल्या पडद्याकडे पाहिलं. दहा वाजून दोन मिनिटं. पाणी वळलं. आता भोंगा होईल, पाहुणे दचकतील, नाव जाईल, बायका चिडतील. ती मनात तयारीत होती. दहा वाजून सात मिनिटं. भोंगा झाला नाही. दहा वाजून बारा मिनिटं. बांधाच्या माथ्यावर एक पांढरी रेघ दिसली आणि नाहीशी झाली.

तिनं पडद्यावर बोट आपटलं. 'धोक्यातील व्यक्ती: शून्य.' खाली बारीक अक्षरांत: 'रहिवासी: तीन. आहारात मग्न. हालचाल नैसर्गिक.'

भोंगा सदस्यांसाठी होता, पाहुण्यांसाठी होता, कर्मचाऱ्यांसाठी होता. पाणी चढलं म्हणून कासवासाठी कोणी भोंगा वाजवत नाही. तिनंच तसं लिहिलं होतं.

"सर, नाव पाठवा! हातानं पाठवा!"

सबनीसांनी हसू तसंच ठेवून दबक्या आवाजात म्हटलं, "रहिवासी चरत असताना नाव आत जात नाही. तुझाच नियम आहे. ओरड ना, ऐकू जाईल त्यांना."

ती सज्ज्याच्या पायऱ्या उतरत ओरडली. "आये! भायर ये! भायर ये गो!"

रतननं मान वर केली. लेक इतक्या लोकांसमोर हाक मारते आहे याचं तिला कौतुक वाटलं असावं, कारण तिनं कोयतीसकट हात हलवला. पाण्यावरून तिचा आवाज स्वच्छ आला. "आताच तर वळला! दोन तास आसत!"

आणि बांधाचा माथा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा झाला.

सज्ज्यावरच्या लोकांनी वा म्हटलं. ते दृश्य सुंदर होतंच. सातशे मीटरचा धबधबा कोणी रोज बघतो थोडाच! हर्षला पाण्यात घुसली. खडपाकडे जाणारी वाळूची वाट आधीच कमरेएवढी बुडाली होती. ती पोहायला लागली आणि त्याच क्षणी भोंगा वाजला. कानठळ्या बसवणारा, लांबलचक. कर्मचारी पाण्यात धोक्यात आहे हे तटपालला बरोब्बर कळलं होतं.

नारिंगी नाव बाणासारखी निघाली. हर्षलाला वाटलं, सुटलो. आई आता पंधरा हातांवर होती, छातीभर पाण्यात, इंदूला एका हातानं धरून. टोपली सोडली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आश्चर्य होतं, जन्माचा ओळखीचा माणूस अंगावर धावून यावा तसं.

"हर्षू, ह्या काय गो? ह्या असा कसा?"

नाव हर्षलाच्या खाली शिरली, जाळी वर आली, आणि तिनं हर्षलाला अलगद उचललं. मग ती वळली.

"नाय! थंय! थंय ने!" हर्षला नावेच्या काठावर, जाळीवर, हाताला लागेल त्यावर ठोसे मारत होती. "ती माझी आवस आसा!" नाव कोणाचं ऐकण्यासाठी बनवलेली नव्हती. वाटेत दोन डोकी असलेलं पाहून तिनं रहिवाशांना धक्का लागू नये म्हणून नियमाप्रमाणे वळसा घेतला आणि हर्षलाला किनाऱ्यावर आणून ठेवलं. तिनं दातांनी मनगटावरचा पट्टा तोडला तेव्हा खडप दिसत नव्हतं.

सुलभा तेवढी वाचली. भोवऱ्यानं तिला बांधावर नेऊन आपटलं आणि कालवांच्या धारेनं तिचे पाय फाटले, पण ती चिकटून राहिली. इंदू संध्याकाळी सापडली. रतन तिसऱ्या दिवशी सापडली, अठरा मीटरच्या त्या दाट भागात. तिला सोडवताना बांधाला धक्का लागू नये म्हणून पाणबुड्यांना फार जपून काम करावं लागलं.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की मृत महिलांचा भरती-ओहोटीचा अंदाज चुकला. हवालदारानं हर्षलाला विचारलं, "तुमी शिकलेल्या. तुमका काय वाटता, आवशीचो अंदाज चुकलो?" आलेख तिच्या खिशातल्या पडद्यावर होता. भिंतीसारखी ती रेघ, तारीख, आणि खाली तिची सही. हवालदारानं आलेख मागितला नाही. तिनं दिला नाही.

"होय," ती म्हणाली. "चुकलो." आणि जिथं दाखवलं तिथं सही केली.

प्रमाणपत्र चौदाव्या दिवशी आलं. शेऱ्यात 'मानवी परंपरेला अधिवासाचा अविभाज्य घटक मानण्याच्या धाडसी दृष्टीचं' खास कौतुक होतं. प्रमाणपत्राबरोबर एक अट येते ती सबनीसांनी स्वतःच वाचून दाखवली: पुढची पाच वर्षं तटपालच्या नोंदीतलं एक अक्षरही बदलता येणार नाही. बांधही कापता येणार नाही. फाटकावरचं यंत्रही आहे तसंच राहील.

"मी नोकरी सोडते," हर्षला म्हणाली.

"सोड. पण मग तू कोण? सदस्य नाहीस, पाहुणी नाहीस. कुंपणाच्या आत पाऊल टाकता येणार नाही तुला. आत राहिलीस तर निदान नजर तरी ठेवशील." सबनीस वाईट माणूस नव्हते, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती राहिली.

महिन्याभरानं, सोमवारी सकाळी, तटपालनं नेहमीप्रमाणे तिला कामांची यादी पाठवली. 'अधिवासात पुढील घटक कमी आहेत. पुनर्भरण करावे. कालवांची पिल्ले: चाळीस हजार. खेकडे, मादी: साठ. पारंपरिक संकलक: तीन.'

ती यादीकडे बघत असतानाच फाटकावरून निरोप आला की वाडीतली कोणी बाई उभी आहे.

नमिता होती, तिच्या चुलत भावाची बायको, माहेरही वाडीतलंच. हातात कोयती आणि नवी कोरी टोपली. तेराव्याला ती हर्षलाशी बोलली नव्हती. तिच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं.

"माका रहिवासी कर," नमिता तिच्याकडे न बघता म्हणाली.

"वयनी, नको. पाया पडतंय तुझ्या."

"मगे काय करू? भायरच्या खडपार एक कालव रवला नाय. सगळा तुझ्या बांधाक चिकटलाहा."

"पाणी पयल्यासारखा नाय रवला गो. आत वळला काय पंचवीस मिनिटांत भरता. माझ्याकडे लिवलेला आसा. थांब, दाखयतंय."

तिनं आलेख काढला. नमितानं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ह्या तुका आधी ठावक होता?"

हर्षलानं पडदा आणखी पुढं केला. नमितानं हळूहळू मान हलवली. "ठावक असता तर सख्ख्या आवशीक सांगितलं नसतंस? कोण रवात असा? तू आता बनवन सांगतस, माका भायर ठेवूक. तुमका खडप कोणाकच देवचा नाय."

"नाय गो, खरा सांगतंय..."

यंत्राला समोर माणूस उभं असल्याचं कळलं होतं. "पाणी वळल्यानंतर हातात किती वेळ असतो?" त्यानं गोड आवाजात विचारलं.

"पंचवीस मिनिटां!" हर्षला यंत्रावर मूठ आपटून ओरडली. "पंचवीस! पंचवीस!"

लाल दिवा लागला. "उत्तर चूक. ओळख पटली नाही. कर्मचाऱ्यांनी रहिवाशांच्या वर्तनात हस्तक्षेप करू नये."

नमितानं त्या लाल दिव्याकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदाच हर्षलाच्या डोळ्यांत. तिच्या नजरेत राग राहिला नव्हता. कीव होती.

"बघ. यंत्र पण तुका खोटा म्हणता." तिनं हर्षलाला कोपरानं बाजूला सारलं, पदर खोचला आणि यंत्रापुढं उभी राहिली. "माका रतनकाकीन शिकवल्यान सगळा. लहान असताना बोट धरून नेय ती माका खडपार. तिचा ऐकू, की तुझा?"

यंत्रानं तिथीची ओहोटी विचारली. तिनं न अडखळता पाढा म्हटला. यंत्रानं पुन्हा विचारलं, पाणी वळल्यानंतर हातात किती वेळ.

"दोन तास," नमिता म्हणाली.

हिरवा दिवा लागला. "ओळख पटली. रहिवासी क्रमांक चार. आपल्या अधिवासात स्वागत आहे."

फाटक उघडलं. त्या दिवशी उधाणाची द्वितीया होती.